माप कुणाच्या पायाचं?

सरकून बसा मंडळी, सरकून बसा. मागं खांबाला टेकून उभे आहेत त्यांनाही जागा द्या. पूर्वरंग झाला, गळ्यात हार पडला, कपाळाला बुक्का लागला — म्हणजे आता गोष्ट सांगितल्याशिवाय बुवांची सुटका नाही! पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. तबलजी, तुम्ही निवांत चहा प्या, तुमचं काम पुढं आहे.

गोष्टीआधी एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका. समजा एक काम बिघडलं. त्यात एका माणसाचा पाय चिरला. आता दोष कुणाचा ते शोधायचंय. आपण काय करतो? चोर शोधतो! कुणी टक्का घेतला, कुणाचा मेव्हणा ठेकेदार होता, कुणी डोळेझाक केली. बरोबर ना? पण समजा — आता नीट ऐका — समजा त्यात चोर कुणीच नाही. पैसा कुणी खाल्ला नाही. नियम सगळे पाळले. कागद सगळे स्वच्छ. आणि तरी पाय चिरला. मग ते पाप कुणाच्या माथी मारायचं?

सरपंच गालात हसताहेत. त्यांना वाटतंय, सरकारी गोष्ट आणि चोर नाही, असं कसं होईल. होतं हो सरपंच! मी सत्तावीस वर्षं पोस्टात काढली, कीर्तन त्यानंतर आलं. सरकारी कपाटाचा वास मला अजून लांबून ओळखू येतो. आजचं आख्यान राजाचं नाही, ऋषीचं नाही. आजचं आख्यान गमबुटाचं आहे.

हसा, हसून घ्या! नंतर हसायला जमेलच असं नाही.

तर एक तालुक्याचं गाव होतं. गावाला नगरपालिका होती. गावाचं नाव सांगत नाही — पुढच्या महिन्यात तिथंही माझं कीर्तन आहे! त्या नगरपालिकेत एक भांडारपाल होते, त्र्यंबक हिरवे. सगळे हिरवेभाऊ म्हणायचे. भांडारपाल म्हणजे काय? तर नगरपालिका जे जे विकत घेते, झाडू, फावडी, फिनेल, गमबूट, ते ते घेताना कागद तयार करायचे, आलेला माल तपासायचा, कपाटात ठेवायचा आणि सही घेऊन वाटायचा. माणूस कसा? इतका सरळ, की दिवाळीला एका ठेकेदारानं घरी काजूकतलीचा डबा पाठवला, तर यांनी तो परत केला. आणि नुसता परत नाही केला. परत मिळाल्याची ठेकेदाराकडून पोच घेतली! त्यांच्या घरच्या, सुमतीबाई, अजून सांगतात, "अहो, एक वडी तरी चाखून मग पोच घ्यायची."

असा माणूस. वय सत्तावन्न. निवृत्तीला चार महिने राहिलेले. एकोणीस वर्षं गमबुटाची खरेदी यांच्याच हातची, आणि एका कागदावर कुणी बोट ठेवलेलं नाही. त्याचा त्यांना अभिमान होता. असणारच. कुणालाही असेल.

आता मला सांगा, सरकार खरेदी कशी करतं? कुणाला ठाऊक आहे? ग्रामसेवक, तुम्ही गप्प बसा, तुम्हाला ठाऊक असणारच. मला याचं फार कुतूहल होतं. आपण आंबे कसे घेतो? उचलतो, देठाजवळ हुंगतो, हळूच दाबतो. आंबेवाला म्हणतो, "ताई, दाबू नका." तरी दाबतो! आता सरकारला आंबे घ्यायचे आहेत. सरकारनं काय हुंगायचं? सरकारला नाक कुठंय? नाक आहे ते साहेबाला. आणि साहेबाच्या नाकावर सोडलं, तर साहेबाला नेमका आपल्या साडूच्याच बागेतला आंबा गोड लागतो!

म्हणून सरकारनं ठरवलं — हुंगायचं नाही. काय पाहिजे ते कागदावर लिहायचं. किती मोठा, कुठल्या रंगाचा, किती नग. ते वर्तमानपत्रात छापायचं. ज्याला माल द्यायचाय त्यानं आपला भाव लिहून लिफाफ्यात बंद करायचा. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, चार माणसांसमोर लिफाफे फोडायचे. कागदावर लिहिल्याबरहुकूम माल जो सर्वांत कमी भावात देईल, त्याचा घ्यायचा. त्याचं तोंड बघायचं नाही. त्याची जात विचारायची नाही. त्याचा वशिला ऐकायचा नाही. मंडळी, मला तर हा नियम फार आवडतो. नीट विचार केला तर केवढी न्यायाची गोष्ट आहे ही!

आणि कागदावर लिहून लिहून तरी किती लिहिणार? म्हणून आणखी एक करायचं. पसंत पडलेली एक वस्तू नमुना म्हणून ठेवून घ्यायची. तिला सुतळी बांधायची, चिठ्ठी लावायची, लाखेची मोहोर मारायची आणि कपाटात बंद करायची. पुढं जो माल येईल तो या नमुन्याशी ताडून बघायचा. फरक पडला की माल परत. हिरवेभाऊंच्या कपाटात असा एक गमबूट होता. काळा, गुडघ्यापर्यंत उंच, आठ नंबरचा, लाखेची मोहोर मारलेला. देवघरातल्या देवासारखा बसलेला! दर वर्षी नवीन माल आला, की हिरवेभाऊ याला बाहेर काढायचे, शेजारी ठेवून बघायचे आणि परत आत ठेवायचे.

इथवर कुणाची काही चूक सापडली? मला तरी नाही सापडली. पुढं ऐका.

त्या नगरपालिकेत नवीन मुख्याधिकारी आल्या, सानप मॅडम. वयानं लहान, शिस्तीला कडक. आधी जिथं होत्या तिथं एक सफाई कामगार गटारात काच लागून धनुर्वातानं गेला होता. त्याच्या बायकोला त्या स्वतः भेटून आल्या होत्या. ते त्यांच्या मनातून जात नव्हतं. म्हणून आल्या आल्या त्यांनी हुकूम काढला. गटारीच्या कामावर गमबूट घातलाच पाहिजे. विनाबूट सापडला तर नोटीस. तिसऱ्यांदा सापडला तर कामावरून कमी. बाई वाईट होत्या का? नाही! कामगारांचे पाय वाचावेत म्हणूनच हुकूम काढला होता.

आणि त्या हुकुमात सापडली कोण? भागीरथी खरात.

भागीरथीबाई गटारीच्या टोळीत. चौदा वर्षं रोजंदारीवर. नवऱ्याची कंबर धरलेली, तो घरी. कमावणारी ती एकटी. पहिल्यांदा चपलेत सापडली, नोटीस. दुसऱ्यांदा सापडली, नोटीस. तिसऱ्यांदा सापडली तेव्हा तर पायाला पट्टी होती. बाटलीची काच लागून तळवा चिरलेला. मॅडम संतापल्या. "बघा, सांगत होते तेच झालं. बूट दिलेत, घालत नाहीत, आणि मग पाय कापून घेतात." तिसरी नोटीस निघाली. सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर हजेरीपटावरून नाव कमी.

पण सरकारी काम आहे, नुसतं कामगाराला विचारून चालत नाही. भांडारालाही विचारावं लागतं. म्हणून एक कागद हिरवेभाऊंच्या टेबलावर आला. त्यावर एकच प्रश्न होता. "सदर कामगारास योग्य मापाचे व सुस्थितीतील बूट पुरविण्यात आले होते काय?"

काय सोपा प्रश्न! हिरवेभाऊंनी पेनाचं टोपण काढलं. 'होय' लिहायचं, सही करायची, पुढचा कागद. तेवढ्यात दारात भागीरथीबाई उभी. एका हातात गमबुटांचा जोड, पाय लंगडत. आत आली आणि बूट टेबलावर ठेवले.

"साहेब, हे जमा करून घ्या."

"परत घेता येत नाही बाई. वापरलेला माल आहे."

"वापरला कुठं? वापरता आला असता तर वापरला नसता का?"

"अहो, घालायचा पायात. त्यात न यायला काय झालं?"

"साहेब, बूट पायात हाय तोवर ठीक. गटारात एक पाऊल टाकलं आन् पाय उचलला, की पाय वर येतोय आन् बूट चिखलातच राहतोय. मग वाकून हात घालायचा, बूट हुडकायचा. काचा हाताला लागत्यात."

"मग चिंध्या भरायच्या आत. सगळे भरतात."

"भरल्या की. भिजल्या, की बूट उचलंना होतोय. एकदा तोंडावर पडले. म्हणून चप्पल घालाय लागले."

हिरवेभाऊ म्हणजे नियमाचा माणूस. त्यांनी वही काढली, तिच्यापुढं धरली. "हे बघा बाई. रबर तपासलंय. तळ तपासलाय. उंची मोजलीय. नमुन्याशी ताडून घेतलाय. मालात खोट नाही."

"मी कुठं खोट म्हनते? बूट चांगला हाय साहेब. माझा न्हाई, एवढंच."

हिरवेभाऊंनी वही मिटली. ती वळली. दारापर्यंत गेली, थांबली, आणि म्हणाली — तावातावानं नाही मंडळी, खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून म्हणाली — "एक सांगाल का साहेब? हे माप कुणाच्या पायाचं घेतलंया? त्या मानसाला तरी नीट बसत असंल."

आणि गेली. बूट टेबलावरच.

आता बघा. त्या कागदावर 'होय' लिहायला कितीसा वेळ लागतो? पण हिरवेभाऊंचं पेन चालेना. रागानं नाही, दयेनंही नाही. त्यांना कुतूहल लागलं! अरे खरंच, माप कुणाचं आहे हे? एकोणीस वर्षं आपण आठ नंबर, आठ नंबर लिहितोय. हा आठ आला कुठून? सरकारचा नियम आहे का? कंपनीनं सांगितलं का? कुणा डॉक्टरनं ठरवलं का? काही असेलच की. एवढं सगळं कागदावर असतं, तर हेही कुठंतरी असणार.

त्यांनी गेल्या वर्षीची फाईल काढली. खरेदीच्या मागणीत लिहिलं होतं, "गमबूट, मागील वर्षाप्रमाणे." ठीक. त्याच्या आदल्या वर्षीची काढली. "गमबूट, मागील वर्षाप्रमाणे." त्याच्या मागची. "मागील वर्षाप्रमाणे." हे दोन शब्द फार गोड असतात मंडळी! ज्यानं लिहिले त्याला विचार करावा लागत नाही, आणि ज्यानं सही केली त्याला वाचावं लागत नाही. ग्रामसेवक, आता हसलात तरी चालेल.

दुपारी ते रेकॉर्ड रूममध्ये शिरले. उस्मानभाई शिपायांनी शिडी धरली, हे वर चढले. धूळ अशी की उस्मानभाई शिंकून शिंकून हैराण. "भाऊ, निवृत्तीला चार महिने राहिले असताना माणूस फायली बांधून ठेवतो. तुम्ही सोडताय."

"एकच बघायचंय उस्मान. सापडलं की उतरतो."

एकेक वर्ष मागं चालले. साहेब बदललेले. ठेकेदार बदललेले. एका वर्षी पाच लिफाफे आले होते, एका वर्षी आठ. दर वेळी सर्वांत कमी भाववाला बरोबर निवडलेला. बेरीज बरोबर, तारखा बरोबर, सह्या बरोबर. वाचता वाचता हिरवेभाऊंना मनातून बरंही वाटत होतं. कुठंच काळंबेरं नाही. आणि प्रत्येक मागणीवर तेच, मागील वर्षाप्रमाणे, मागील वर्षाप्रमाणे. जणू प्रत्येक वर्ष आपल्या मागच्या वर्षाकडं बोट दाखवत होतं. आणि शेवटी आली पहिल्या वर्षीची फाईल. कडा कुरतडलेली, दोरी कुजलेली.

त्यात आरोग्य विभागाची मागणी होती. "गमबूट, काळे, नग ऐंशी." मापाची जागा कोरी! आणि मागच्या पानावर, नमुना पसंत केल्याची टिप्पणी होती. दोनच ओळी. "नमुना प्रत्यक्ष घालून पाहिला. माप योग्य आहे." खाली सही.

सही कुणाची असेल? सांगा बरं?

त्र्यं. हिरवे. लिपिक.

मंडळी, शिडीवर उभ्या उभ्या त्यांना सगळं आठवलं. तेव्हा अडतीस वर्षांचे होते. भांडारात नुकतीच बदली झाली होती. ठेकेदारानं नमुना आणून ठेवला होता. तेव्हाचे साहेब अंगानं भरलेले, वाकायला गेले की पोट आडवं यायचं! म्हणाले, "हिरवे, तू सडपातळ आहेस, घालून बघ रे." यांनी घातला. व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. सगळं ऑफिस हसलं. कुणीतरी म्हणालं, "अगदी फौजदार दिसतोस." आणि हे ऐटीत म्हणाले, "साहेब, बरोबर बसतो." आठ नंबर. लाख वितळली, मोहोर लागली, कपाट बंद झालं.

आणि त्याच वेळी — आता हे मी सांगत नाही, हे हिरवेभाऊंनी मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय — त्याच वेळी खाली पटांगणात कामगार हजेरीला उभे होते. व्हरांड्यातून दिसत होते. पुरुष होते, बायका होत्या. चालताना यांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा. बूट त्यांच्यासाठीच होता. पण कठड्यावरून वाकून "अरे, कुणीतरी वर या रे, पाय घालून बघा" असं म्हणावं, हे एकालाही सुचलं नाही. दुष्टपणानं नाही. आळसानंही नाही. सुचलंच नाही!

खाली उतरले तेव्हा चेहरा उतरलेला. हेडक्लार्क जोगदंड समोर आले. जोगदंड म्हणजे शब्दांचा वाकबगार माणूस, कुठल्याही कागदातून सहीसलामत बाहेर काढणारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं. "हिरवेभाऊ, तुम्ही 'होय' लिहू नका, 'नाही'ही लिहू नका. 'मान्य नमुन्यानुसार पुरविण्यात आले' एवढंच लिहा. एकही अक्षर खोटं नाही त्यात. 'नाही' लिहिलंत तर विचारतील, मग एकोणीस वर्षं काय करत होता? चौकशी लागेल. पेन्शन अडकेल. त्या बाईला दुसरीकडं काम मिळेल हो. तुम्हाला दुसरी पेन्शन मिळणार नाही."

आणि हिरवेभाऊंनी लिहिलं बरं का. लिहिलं! मी त्यांना साधू करून सांगणार नाही. त्यांनी कोरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं — मान्य नमुन्यानुसार पुरविण्यात आले. खाली सही केली. एकही अक्षर खोटं नव्हतं.

कागद वाळावा म्हणून बाजूला ठेवला, तर तिथं ते बूट. भागीरथीबाईचे. आत चिंध्या तशाच. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी चिंध्या काढल्या, पायातली चप्पल काढली आणि उजवा पाय बुटात घातला. आत अजून ओल होती. उभे राहिले. दोन पावलं चालले.

बरोबर बसला.

एकोणीस वर्षांनी, अगदी बरोबर बसला.

हिरवेभाऊ खुर्चीत बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मला म्हणाले, "बुवा, आयुष्यात कुणाचा पैसा घेतला नाही मी. पण शेकडो माणसांना एकोणीस वर्षं माझा पाय वापरायला दिला, आणि नोटीस त्यांना आली." त्यांनी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. त्यावर सरकारी भाषेतच लिहिलं. आपल्याला जी भाषा येते तीच माणूस लिहिणार. मला तो कागद पाठ आहे.

"सदर बुटाचे माप एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या पायाचे घेण्यात आले. ते कामगारांच्या पायाचे नाही. तेव्हापासून आजतागायत एकाही कामगाराच्या पायाचे माप घेण्यात आलेले नाही. सबब योग्य मापाचे बूट पुरविण्यात आले होते काय, याचे उत्तर — नाही."

सानप मॅडमनी तो कागद दोनदा वाचला.

"हिरवे, याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?"

"कळतोय मॅडम."

"मला चौकशी लावावी लागेल. मी तुम्हाला वाचवू शकणार नाही." मग कागद पालथा ठेवून त्या म्हणाल्या, "हा कागद माझ्याकडं आलाच नाही, असं समजते. दुसरा आणा."

"दुसरा आधी लिहिला होता मॅडम. त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच फाडला."

मॅडमनी शिपायाला हाक मारली. त्यांनी भागीरथीबाईची नोटीस मागवली, तिच्यावर आडवी रेघ मारली आणि सही केली. आणि मग विचारलं, "नवीन निविदा सोमवारी छापायला जायची आहे. माप कधी घेणार?"

"उद्या हजेरीला."

दुसऱ्या दिवशी पटांगणात जुनी वर्तमानपत्रं पसरली. कामगार किती? एकशेअठरा. एकेकानं कागदावर उभं राहायचं आणि हिरवेभाऊंनी पेन्सिलीनं पावलाभोवती रेघ ओढायची, बाजूला नाव लिहायचं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुर करताहेत, उकिडवा बसून पुढं सरकतोय. मुकादम म्हणाला, "भाऊ, द्या, मी काढतो." तर म्हणाले, "नको. मागच्या वेळी मीच मापलं होतं."

भागीरथीबाईचा नंबर आला. यांनी पेन्सिल लावली तशी तिनं पाय मागं घेतला.

"साहेब, पायाला हात नका लावू. मला बरं न्हाई वाटत."

"हलू नका. रेघ चुकेल."

उभी राहिली बिचारी, पदर तोंडाशी धरून. पट्टीच्या पायाभोवती यांनी रेघ ओढली आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'पट्टी सुटल्यावर माप पुन्हा घेणे.' मंडळी, आपण पादुकांवर डोकं ठेवतो ना? एकशेअठरा जोड पावलं त्या दिवशी रद्दी कागदावर उमटली होती. मी तिथं असतो तर तिथंच कीर्तन लावलं असतं!

आणि आठ नंबर किती जणांना निघाला, अंदाज करा. पन्नास? तीस? नऊ! एकशेअठरात नऊ. बाकी एकशेनऊ माणसं इतकी वर्षं चिंध्या भरत होती, नाहीतर बूट घरी ठेवून देत होती. एकानं तर त्यात कोरफड लावली होती!

नवीन निविदा निघाली. तीन नंबरापासून दहा नंबरापर्यंत, कुठल्या मापाचे किती ते लिहून, सगळ्यांना मिळून एकच भाव. लिफाफे आले, चार माणसांसमोर फुटले. निवडला कोण? सर्वांत कमी भाववालाच! नियम तोच राहिला मंडळी, एक अक्षर बदलावं लागलं नाही. भाव विचारायला सरकार कधी चुकलं नव्हतं. फक्त ज्याच्यासाठी घ्यायचंय त्याला काही विचारलं नव्हतं.

भागीरथीबाईला चार नंबरचा जोड मिळाला. मुकादमानं विचारलं, "कसा हाय?" तर म्हणाली, "आता पाय आन् बूट दोघं बरोबरच भाएर येत्यात."

हिरवेभाऊंवर चौकशी बसली. लेखी ठपका आला. पेन्शन सात महिने अडकली. सुमतीबाईंनी ते सात महिने कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. मी एकदा विचारलं, "भाऊ, अन्याय नाही का वाटला?" ते म्हणाले, "नाही बुवा. ठपका मापाचा होता." आणि चहा प्यायले.

तर दोष कुणाचा? तुम्ही मला सांगा. ज्यानं चोरी केली त्याला देव बघून घेईल, पोलीसही बघून घेतील. पण ज्यानं चोरी केली नाही, नियम मोडला नाही, आणि दुसऱ्याच्या पायासाठी आपलाच पाय मोजून 'योग्य' असं लिहून टाकलं, त्याला कुणी विचारायचं?

आता तुम्हाला वाटतंय, बुवांनी आज सरकारला चांगलं धुतलं. सरपंच खूश आहेत, विषय नगरपालिकेचा निघाला! पण मंडळी, मी नगरपालिकेत कीर्तन करायला आलो नाही. मी तुमच्या गावात आलोय.

घरात लग्न निघालं. आहेराच्या साड्या घ्यायला तुम्ही तालुक्याला जाता. दुकानदार गादीवर बसवतो, पाणी देतो आणि पहिला प्रश्न काय विचारतो? बायांनो, तुम्ही सांगा. मोठ्यानं सांगा!

बरोबर. "वहिनी, नेसायची दाखवू का द्यायची?"

आणि तुम्ही काय सांगता? जराही न अडखळता सांगता, "द्यायची दाखवा." मग तो वेगळ्या कपाटातून वेगळा गठ्ठा काढतो. त्यातला रंग तुम्ही स्वतः जन्मात नेसणार नाही. त्यातलं सूत पहिल्या धुण्यात विरणार हे तुम्हाला ठाऊक आहे, दुकानदाराला ठाऊक आहे, आणि जिला द्यायची तिलाही ठाऊक आहे. म्हणून तीही ती नेसत नाही. ती पुढच्या लग्नात पुढं सरकवते. एक साडी दहा घरं फिरते आणि एकाही बाईच्या अंगाला लागत नाही! काय हो, तिथं कुठला ठेकेदार होता? कुठला साहेब होता?

पुरुष मंडळी, मान खाली घालू नका, तुमचंही आहे. गड्याला द्यायचा शर्टपीस कोण आणतं? बापाचा चष्मा त्याला न दाखवता कोण आणतं? आणि त्यानं घातला नाही की, "एवढा आणून दिलाय तर घालत नाहीत" असं चारचौघांत कोण सांगतं? ती नोटीसच की हो!

म्हणून एक करा. उद्या कपाट उघडा. द्यायची म्हणून ठेवलेली साडी बाहेर काढा आणि स्वतः नेसा. ती नेसून बाजाराला जा, चार बायकांत बसा, दिवसभर वावरा. संध्याकाळी घडी घालताना ती द्यावीशी वाटली तर खुशाल द्या. नाही वाटली, तर जिला द्यायची होती तिच्या दारात जा आणि विचारा, बाई, तुला काय आवडतं? आजवर तिला कुणी विचारलं नसेल. ती रडेल कदाचित. बसा तिथं जरा वेळ.

चला, तबलजी, तुमचं काम आलं. उठा मंडळी, देवापुढं उभे राहा, निरांजन लावा. त्यात तूप खायचं घातलंय का दिव्याचं, हे मी विचारत नाही. ज्यानं घातलंय त्याला माहीत आहे.